नावं खरवडणारी बाई

नुरिस या नावात मुळात मला खुपण्यासारखं काही नव्हतं. आमच्या रेबोलो वस्तीत तीन नुरिस होत्या. एक विजेची बिलं वाटायची, एक केव्हाच वारली, आणि तिसरी जत्रेत तळण विकायची. माझं भांडण त्या तिसरीशी. भांडण म्हणजे तरी काय, तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी एकटीच आतल्या आत भांडत होते, आणि असं भांडण माणसाला फार थकवतं, कारण दोन्ही बाजूंनी आपल्यालाच बोलावं लागतं.

माझा नवरा विल्फ्रिदो पिको वाजवायचा. आता बरांकिया शहरातली पोरं स्वतःला डीजे म्हणवतात, टोपी उलटी घालतात, आणि एका सुटकेसमध्ये सगळा संसार घेऊन येतात. तेव्हा तसं नव्हतं. आमचा पिको दारातून आत यायचा नाही. माणसाच्या दीडपट उंच लाकडी पेटारा, आत ताटाएवढे कर्णे, आणि पुढच्या पडद्यावर भडक रंगात रंगवलेला, दात विचकलेला मोठा मासा. पिकोचं नाव ‘ला बाराकुडा’. वाजायला लागला की पलीकडच्या गल्लीतल्या कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. लग्न असो, बाप्तिस्मा असो, मुलीचा पंधरावा वाढदिवस असो, लोक आधी पिको ठरवायचे आणि मग पाद्रीला विचारायचे, फादर, त्या दिवशी तुम्ही मोकळे आहात का.

ठरवायला यायचे ते माझ्याकडे. विल्फ्रिदोला ‘नाही’ म्हणताच येत नसे. एका रविवारी त्याने दोन नवऱ्यामुलींना हो म्हणून ठेवलं होतं, आणि त्यातली एक माझी मावसबहीण होती. तेव्हापासून तारखांची वही मी घेतली. येणाऱ्याला खुर्ची द्यायची, कॉफी द्यायची आणि विचारायचं: अंगण केवढं? वीज कुठून घेणार? पाऊस आला तर छप्पर आहे का? शेजारी कोणी आजारी म्हातारं आहे का? त्या म्हाताऱ्याची परवानगी घ्यायला मी स्वतः जायचे, आणि बहुतेक वेळा म्हातारंच विचारायचं, अमुक गाणं लावणार ना?

माझं दुसरं काम कुणाला दिसत नसे. रेकॉर्डी यायच्या बंदरावरून. आफ्रिकेकडच्या, पॅरिसकडच्या, खलाशांच्या पेटीतून आलेल्या. गाणाऱ्याची भाषा आमच्यात कुणालाच कळत नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नसे, कारण पाय कुठल्याही भाषेत हलतात. पण जी रेकॉर्ड शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही ती आपल्याकडे असली, की तो पिको राजा. ती दुसऱ्याला मिळू नये म्हणून रेकॉर्ड घरात आली की आधी तिचं लेबल काढायचं. नाव नाही, कंपनी नाही, नंबर नाही. मग समोरच्याने शोधायचं तरी काय?

लेबल मी काढायचे. मधल्या गोल कागदावर ओलं फडकं ठेवायचं, एक थेंबही रेघांवर जाऊ द्यायचा नाही. कागद फुगला की बोथट सुरीने कडेपासून सुरुवात, शेवटचा गोंद नखाने. मी खरवडत असताना विल्फ्रिदो भिंतीकडे तोंड करून बसायचा. खरंच बसायचा, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

“मला सांगू नकोस हं उबा,” तो म्हणायचा. “दोन घोट रम पोटात गेली की माझ्या तोंडाला कडी राहत नाही.”

त्यामुळे साठेक रेकॉर्डींची खरी नावं एकाच डोक्यात राहत होती, माझ्या. ती नावं मला धड उच्चारताही यायची नाहीत, पण अक्षर अन् अक्षर पाठ होतं. चर्चमध्ये आम्ही एकमेकांना जी काही वचनं दिली त्यापेक्षा ते भिंतीकडे तोंड करून बसणं मला लग्नासारखं वाटायचं.

आता लेबल गेलं, की रेकॉर्ड बिननावाची झाली. लोकांनी मागायची कशी? म्हणून पिकोवाला तिला आपलं नाव द्यायचा. एकीत ट्रंपेट बोकडासारखी ओरडायची, ती ‘बोकड’. एक लंगड्या खलाशाने आणली, ती ‘लंगडा’. आणि सगळ्यात मोठा मान म्हणजे माणसाचं नाव मिळणं. रेकॉर्डला तुमचं नाव मिळालं, की शहरभर लोक तुम्हाला न ओळखता तुमच्या नावाने ओरडत नाचणार. आमच्याकडे माझ्या सासूच्या नावाची रेकॉर्ड होती. बर्फवाल्याच्या नावाची होती. आमच्या मेलेल्या कुत्र्याच्या नावाची होती आणि ती चांगली चालायची. उबाल्दिना, म्हणजे माझ्या नावाची, मात्र नव्हती. एकवीस वर्षं मी नावं खरवडत होते, आणि एकदाही त्या माणसाच्या मनात आलं नाही.

मी ते मनावर घेतलं नव्हतं. नुरिस येईपर्यंत.

ती रेकॉर्ड फेब्रुवारीत आली, कार्निव्हलच्या तोंडावर, एका जहाजावरच्या आचाऱ्याबरोबर. पिवळं लेबल. त्यावरचं नाव मी आजही सांगणार नाही, सवय जात नाही. पहिल्यांदा ती वाजली एका बाप्तिस्म्याला. मी तेव्हा शेजारच्या बाईशी तारेवरून हुज्जत घालत होते, कारण आमची तार तिच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून गेली होती. परत येऊन पाहते तर अंगणात मोठं रिंगण. रिंगणात नुरिस. कढई तशीच चुलीवर टाकून आली होती, हातात झारा, दंडावर पीठ, आणि अशी नाचत होती की लोक नाचायचं सोडून बघत उभे. दोन गिटारी एकमेकींना चिडवत होत्या आणि ही बाई त्यांच्या मधून चालल्यासारखी कंबर हलवत होती.

विल्फ्रिदोने माईक घेतला आणि म्हणाला, “हिचंच हे! ऐका रे, आजपासून या गाण्याचं नाव नुरिस!”

झालं. एवढंच झालं. कोर्टात सांगायला गेलं तर याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

पण कार्निव्हल संपता संपता शहरात दुसरं गाणं उरलं नाही. पिको ठरवायला येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आत विचारायचा, “नुरिस आहे ना?” आणि मला माझ्याच ओसरीवर, माझ्याच कपात कॉफी देत म्हणावं लागायचं, “आहे.” वहीत मी लिहायचे: पंधरावा वाढदिवस, मागे अंगण, नुरिस दोनदा. लग्न, छप्पर नाही, नुरिस तीनदा. माझ्या हाताने त्या बाईचं नाव मी इतक्या वेळा लिहिलं, की एकदा किराण्याच्या यादीत मिठाच्या जागी नुरिस लिहून गेले.

दिसायला ती काही अप्सरा नव्हती. पस्तिशीची, रुंद, पुढचा एक दात सोन्याचा. पण सगळ्यांना ‘राजा’ म्हणायची. पाद्रीला राजा, पोलिसाला राजा, गाडी ओढणाऱ्या गाढवालाही राजा. आम्ही जिथे वाजवू तिथे तिची कढई असायचीच. अंडं घातलेल्या आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड पुऱ्या, ती तळायची, आणि पहिला घाणा निघाला की त्यातली सर्वांत फुगलेली कागदात घालून विल्फ्रिदोला आणून द्यायची. “मशीनवाल्याचा मान, राजा.” मला दुसऱ्या घाण्यातली. ती दुसऱ्या घाण्यातली आरेपा मी खायचे, आणि चांगली लागायची, आणि त्यानेच माझं डोकं आणखी फिरायचं.

त्या दोघांचं काही होतं का? तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते, मला ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं. नवऱ्याचं दुसरीकडे काही असतं तर मला कसं वागायचं ते कळलं असतं, माझ्या आईने ते तीनदा निभावलं होतं. पण मला त्या बाईचा नवऱ्यावरचा हक्क खुपत नव्हता. मला तिचं नाव खुपत होतं. त्या नावाची एक गोष्ट जगात होती, ती लोकांना आनंद द्यायची, आणि ती मी माझ्या नखांनी गोंद काढून तयार केली होती.

मे महिन्यात एका संध्याकाळी विल्फ्रिदो दारात तिघा दोस्तांबरोबर दोमिनो खेळत होता. मी कॉफी घेऊन गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय रे म्हाताऱ्या, कुत्र्याला मिळालं, बर्फवाल्याला मिळालं. माझ्या नावाची रेकॉर्ड कधी काढणार?”

त्याने सोंगटी आपटली. “उबाल्दिना?” तो म्हणाला. “अगं, ते काय नाचायचं नाव आहे का? सर्दीच्या औषधाचं वाटतं. दिवसातून दोनदा, दोन चमचे उबाल्दिना.”

“जेवणानंतर,” चाकोन म्हणाला. चाकोन म्हणजे त्याचा सर्वांत जुना दोस्त, आणि सर्वांत आगाऊ.

“आणि वरून रम प्यायची नाही!”

टेबल हलेपर्यंत हसले. मीही हसले. चांगली हसले, कप गोळा केले, आत आले, आणि नळ सोडून हात धूत बसले, बराच वेळ. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. त्याला वाईट वाटेल असं काही करायचं, हे तेव्हा ठरलं नव्हतं. फक्त नुरिस हे नाव जगातून पुसलं जावं, एवढंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात ती स्वतः आली. आमच्या वस्तीचा संत सान रोके, त्याच्या जत्रेच्या कमिटीत तिला त्या वर्षी घेतलं होतं. ऑगस्टातल्या सोळा तारखेला, मिरवणूक संपली की दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत रस्त्यात दोन पिको समोरासमोर. एक ला बाराकुडा. दुसरा तोरिबियोचा ‘एल मारिस्काल’. अर्धा तास याचा, अर्धा तास त्याचा, आणि कुणाच्या पुढ्यात जास्त लोक नाचतात ते सगळी वस्ती बघणार. असं समोरासमोरचं आमंत्रण पिकोवाल्याला वर्षातून एकदाच येतं, आणि त्या दिवशी जो हरतो त्याला पुढच्या वर्षी लोक मेलेल्याच्या घरी वाजवायलासुद्धा बोलावत नाहीत.

“बस,” मी म्हटलं. “वीज कुठून घेणार?”

“दोन्हीकडून वेगळी तार देऊ, राजा. सगळं बघून ठेवलंय.” ती खुर्चीत पसरली, स्कर्टच्या घोळाने वारा घेत. “फक्त एक कर. माझी तीनदा लागली पाहिजे.”

“तुझी?”

“माझी म्हणजे ती गं, नुरिस. लोक येणार कशाला? तिच्यासाठीच ना? विल्फ्रिदोला मी बोललेय. तो म्हणाला, लावतो की, पण उबाला सांग, लिहिणं तिच्याकडे असतं.”

लिहिणं माझ्याकडे असतं. मी वही उघडली. सोळा ऑगस्ट, सान रोके, नुरिस तीनदा. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. तिने आपल्या केसांतून दुसरी पेन्सिल काढून मला दिली.

तोरिबियोचं बाजाराजवळ दुकान होतं, फाटलेले कर्णे दुरुस्त करायचं. माणूस सडसडीत, बारीक मिशी, बोलणं मऊ. फेब्रुवारीपासून त्या एका रेकॉर्डीसाठी त्याची झोप उडाली होती. त्याने कोलोन बंदरात माणूस पाठवला होता, बंदरावरच्या आचाऱ्यांना जेवणं घातली होती. भिंतीआडून ते गाणं टेपवर भरून ती टेप पनामातल्या दुकानदारांना ऐकवली होती, पण त्या टेपमध्ये गाण्यापेक्षा कोंबडे जास्त होते. मी रस्त्यात भेटले की टोपी काढून, ‘बाईसाहेब’ म्हणावं तसं ‘दोन्या’ लावून म्हणायचा, “दोन्या उबाल्दिना, फक्त पहिलं अक्षर. पुण्य लागेल.” मी म्हणायचे, “पहिलं अक्षर ‘न’.” तो दर वेळी हसायचा.

नुरिस येऊन गेली त्याच दिवशी मी त्याच्याकडे फाटलेला छोटा कर्णा घेऊन गेले. कर्णा खरंच फाटलेला होता. त्याने उलटसुलट करून पाहिला.

“गुरुवारी मिळेल,” तो म्हणाला. “आणि पहिलं अक्षर?”

मी त्याच्या पावतीपुस्तकातलं एक पान उलटं केलं आणि लिहून दिलं. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, कंपनी, नंबर. तीन महिन्यांपूर्वी एकदाच वाचलेलं, एकही अक्षर चुकलं नाही. माझा हात अगदी स्थिर होता, तो मला अजून आठवतो.

तोरिबियो हसला नाही. त्याने उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

“काय पाहिजे तुम्हाला?” त्याने विचारलं.

“काही नको.”

“काही नको म्हणणारी माणसं फार महागात पडतात, दोन्या.”

“सान रोकेला त्याच्या आधी तू वाजव. आणि नुरिस म्हणू नकोस. ते नाव जाऊ दे, बस.”

“नाव जाईल. पण मग दुसरं ठेवावं लागेल.”

“ठेव काहीही.”

“काहीही?” त्याने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. वर बटण लावलं.

मी कर्ण्याची पावती उचलली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं का? लोकांनी हे मला नंतर पुष्कळदा विचारलं. मी सांगते, नाही कळलं. पण दुकानातून निघताना मी मागे वळून ‘अमुक नाव ठेवू नकोस’ असंही म्हटलं नाही, आणि म्हणायला तोंड होतं मला.

रेकॉर्ड यायला वेळ लागणार होता, आणि तेवढे दिवस मला घरात त्या माणसाबरोबर काढायचे होते. जुलैत आमच्याकडे नवी रेकॉर्ड आली. विल्फ्रिदोने ती माझ्या मांडीवर ठेवली, खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मानेवर केस वाढले होते. पाठीवरच्या बनियनला भोक पडलं होतं. “झालं का?” दर दोन मिनिटांनी विचारत होता. माझी सुरी घसरली आणि पहिल्या रेघेवर ओरखडा पडला.

“पडला ना ओरखडा?” भिंतीकडे बघूनच तो म्हणाला. “असू दे. तुझा हात आहे, लोकांना कळणार नाही.”

तेव्हाच मी उठून बाजारात गेले असते. तोरिबियोच्या पाया पडले असते, कागद परत मागितला असता. चपला घातल्याही होत्या. तेवढ्यात त्याने नवी रेकॉर्ड लावून पाहिली, दोन्ही हातांनी टेबल बडवलं आणि आनंदाने ओरडला, “हिचं नाव चाकोन!”

मी चपला काढल्या.

सोळा तारखेला ऊन असं होतं की डांबराला पाय चिकटत होते. संत पुढे गेला, बँड गेला, मेणबत्त्या वितळून वाकड्या झाल्या, आणि लोक संताला चर्चमध्ये पोचवायचे सोडून अर्ध्या वाटेवरून पिकोंकडे परतले. रस्त्याच्या एका टोकाला आमचा मासा, दुसऱ्या टोकाला मारिस्कालच्या पडद्यावर रंगवलेला, पदकं लावलेला मिशीवाला सेनापती. मध्ये माणसंच माणसं. मी नेहमीसारखी विल्फ्रिदोच्या डाव्या हाताला, रेकॉर्डींच्या पेटीशी. लेबलं नसल्यामुळे सगळ्या काळ्या चकत्या सारख्याच दिसतात. कुठली कुठली ते मला बोटांनी कळायचं, त्याला कळत नसे. तो नाव सांगायचा, हात लांब करायचा, मी त्यावर ठेवायचे.

नाणं उडवलं. पहिली पाळी मारिस्कालची.

तोरिबियोने दोन जुनी गाणी लावली. विल्फ्रिदो खूश होता. “मरगळलाय,” मला म्हणाला. “बघ, आपण नुरिस काढली की या टोकाचा रस्ता खचेल.”

मग मारिस्काल एकदम गप्प झाला. लोक नाचता नाचता थांबले. आणि तोरिबियोने आधीच भरून ठेवलेला आवाज त्या पेटाऱ्यातून आला, जाड, घुमणारा, एका शब्दाचे तीन शब्द होणारा: “एल मारिस्काल… आज पहिल्यांदा… सान रोकेसमोर… घेऊन येत आहे… उबाल्दिना!”

आणि दोन गिटारी एकमेकींना चिडवायला लागल्या.

विल्फ्रिदोने आधी पेटीत हात घातला. आपली रेकॉर्ड चोरीला गेली असं त्याला वाटलं. मी न मागता ती काढून त्याच्या हातावर ठेवली. होती, जागच्या जागी होती. त्याने ती धरली, पलीकडचं गाणं ऐकलं, आणि पुन्हा हातातल्या चकतीकडे पाहिलं, मधल्या त्या खरवडलेल्या गोलाकडे.

मी त्याच्याकडे बघायला हवं होतं. मी बघत होते रस्त्याकडे. लोकांना गाणं ओळखीचं आणि नाव नवं, ते वेडे झाले होते. ढोल जिथे पडायचा तिथे ते नाव ओरडायला लागले. उ-बाल्-दि-ना. चार ठोके होते आणि चार अक्षरं. असं बसलं होतं, जणू त्या परक्या गाणाऱ्याने ते नाव डोळ्यांसमोर ठेवूनच गाणं बांधलं होतं. सर्दीचं औषध! हजार माणसं हात वर करून सर्दीचं औषध मागत होती. म्हाताऱ्या ओरडत होत्या. चाकोन ओरडत होता. नुरिस कढई टाकून धावत आली, तिने पिठाच्या हातांनी माझे गाल धरले आणि म्हणाली, “सुटले गं बाई! आता छळू देत तुला! त्या गाण्यापायी मला धड बाजारातून चालता येत नव्हतं, राजा!” आणि माझं नाव ओरडत गर्दीत शिरली.

आणि मी हसत होते. खोटं का बोलू? माझ्या आयुष्यात मला तेवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही, लग्नाने नाही, कशानेच नाही. अंगावर काटा आला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि मी दात दाखवून हसत होते, एखाद्या मुलीसारखी. मी तशीच हसत मान वळवली, आणि विल्फ्रिदो माझ्याकडे बघत होता.

कुणी त्याला काही सांगायची गरज नव्हती. त्या रेकॉर्डीचं खरं नाव कुणाच्या डोक्यात होतं ते त्यालाच तर माहीत होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी उत्तरं तयार ठेवली होती, तीन महिने ठेवली होती. तू मला हसलास. तू चाकोनला दिलंस, कुत्र्याला दिलंस. पण त्याने काहीच विचारलं नाही. हातातली रेकॉर्ड त्याने पाकिटात घातली, पाकीट पेटीत न ठेवता मशीनच्या मागे जमिनीवर उभं केलं आणि आपली पाळी येईपर्यंत खिशात हात घालून उभा राहिला.

अर्धा तास झाला. मारिस्काल थांबला. लोक हसत, घाम पुसत आमच्या टोकाला आले, माशासमोर उभे राहिले आणि सगळ्यांनी एकच मागणी लावून धरली.

“उबाल्दिना लाव!”

“विल्फ्रिदो, उबाल्दिना!”

“तुझ्याकडे पण आहे ना रे? लाव की!”

त्याने माईक हातात घेतला. दोन बोटांनी त्यावर टकटक केलं, नेहमी करायचा तसं. मला वाटलं, आता लावेल, कारण नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

“उबाल्दिना आमच्याकडे नाही,” तो म्हणाला. ला बाराकुडाच्या सगळ्या कर्ण्यांतून ते रस्ताभर गेलं. “उबाल्दिना आता मारिस्कालकडे असते.”

लोकांना वाटलं, थट्टा आहे. खूप हसले. मी घाईघाईने पेटीतून ‘बोकड’ काढली, ती कधी फसत नाही, आणि त्याच्या हातावर ठेवायला पुढे केली. त्याने हात लांब केला नव्हता. तो माझ्या बाजूने वाकला, पेटीतली एक काळी चकती स्वतःच उचलली, कुठली ते न बघता, आणि लावली.